रिग्बी रायफल आणि तिचे धनी

बंदूक हा आमच्या वाचकांच्या घरांतील नेहमींचा विषय नव्हे, हें आम्ही जाणून आहों. दसऱ्याच्या दिवशीं ज्या घरीं शस्त्रपूजेच्या पाटावर विळी, अडकित्ता, सुरी आणि मुलांची कंपासपेटी मांडली जाते, त्या घरीं रायफलीच्या नळीची व काडतुसाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. परंतु याच घरांतील पुस्तकांच्या फळीवर जिम कॉर्बेट यांचें ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हें पुस्तक, मूळ इंग्रजींत किंवा मराठी अनुवादाच्या रूपानें, पुष्कळदां सांपडतें. आजोबांनीं तें तरुणपणीं वाचलेलें असतें आणि नातवंडें तें परीक्षेच्या दिवसांत क्रमिक पुस्तकाखालीं लपवून वाचीत असतात. १९४४ सालीं तें प्रथम प्रसिद्ध झालें तें आपल्या मुंबईंतूनच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या येथील शाखेकडून. त्या पुस्तकांत एका हलक्या रायफलीचा उल्लेख येतो. वाचकाचें सारें लक्ष वाघाकडे लागलेलें असल्यामुळें रायफलीकडे त्याची दृष्टि क्वचितच वळते. ती कोणीं घडविली, ती तशीच कां निवडली, आणि त्याच घडणीच्या रायफली ज्या दुसऱ्या मंडळींच्या हातीं होत्या त्यांना काय अनुभव आला, हें पाहण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, आम्हीं स्वतः जन्मांत बंदूक झाडलेली नाहीं. आमचें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. तेव्हां येथें आहे ती ज्यांनीं हें हत्यार वर्षानुवर्षें खांद्यावर वागविलें त्यांची साक्ष. आमच्या न्यायशास्त्रानें शब्द हें एक प्रमाण मानलें आहे खरें. परंतु तो शब्द आप्ताचा असावा, अशी त्याची अट आहे. या साक्षीदारांपैकीं कोणास कितपत आप्त मानावयाचें, हें वाचकांनीं आपापल्या मनाशीं ठरवावें.

रिग्बी हें एका घराण्याचें नांव. हें घराणें मूळचें आयर्लंडांतील डब्लिन शहरचें. १७७५ सालीं आपली पेढी निघाली, असें ती सांगते. म्हणजे पुण्यास सवाई माधवराव तान्हे असून बारभाई राज्याचा गाडा ओढीत होते, तेव्हांची ही गोष्ट. पुढें १८६५ सालीं लंडनांत दुकान निघालें आणि डब्लिनचा व्यवहार त्या शतकाच्या अखेरीस मोडला. या घराण्यांतील सर्वांत नांवाजलेला पुरुष जॉन रिग्बी हा होय. तो १८२९ सालीं जन्मला व १९१६ सालीं वारला. इंग्रज सरकारानें १८८७ सालीं एन्फील्ड येथील आपल्या बंदुकांच्या कारखान्यावर त्याला अधीक्षक नेमलें होतें, यावरून त्याच्या विद्येची कल्पना यावी.

हा जॉन रिग्बी नुसता कारागीर नव्हता. तो पट्टीचा नेमबाज होता आणि आपल्याच हातच्या रायफलीनें निशाण मारीत असे. १८७४ च्या सप्टेंबर महिन्यांत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. दोन्ही बाजूंस सहा-सहा नेमबाज होते. अंतरें होतीं ८००, ९०० आणि १००० यार्ड. एक हजार यार्ड म्हणजे नऊशें मीटरांहून अधिक. इतक्या दुरून माणूससुद्धां काळ्या ठिपक्याएवढा दिसतो. आयरिश चमूंत जॉन रिग्बी स्वतः होता व चमूच्या हातांत रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, म्हणजे ज्यांत दारू आणि गोळी नळीच्या तोंडांतून घालावयाची अशा. अमेरिकनांजवळ रेमिंग्टन व शार्प्स या कारखान्यांच्या, मागून काडतूस भरावयाच्या, नव्या चालीच्या रायफली होत्या. जुनी चाल टिकते कीं नवी, हाच जणू तेथें वाद होता. सामना संपला तेव्हां अमेरिकेचे ९३४ व आयर्लंडचे ९३१ गुण झाले. अमेरिकेच्या कर्नल बोडाइननें शेवटची गोळी, फुटलेल्या बाटलीच्या कांचेनें कापलेल्या हातानें, निशाणावर बसविली, हें त्या सामन्याचें वर्णन करणारे मोठ्या चवीनें सांगतात. पण आम्हांस त्यांतील दुसरीच एक गोष्ट अधिक विचार करण्यासारखी वाटते. मिलनर नांवाच्या आयरिश नेमबाजानें एक गोळी अगदीं मध्यबिंदूंत मारली होती. मध्यबिंदूचे गुण चार. मात्र तो मध्यबिंदु शेजारच्या निशाणाचा होता! नियमाप्रमाणें त्या गोळीस शून्य मिळालें. ते चार गुण धरले असते तर आयर्लंड एका गुणानें जिंकतें. रायफलीनें आपलें काम चोख केलें होतें. गोळी जेथें पाठविली तेथें गेली. कोणत्या निशाणावर पाठवावयाची, हें ठरविणें तिच्या हातांत नव्हतें. पुढील सर्व हकीकत वाचतांना वाचकांनीं ही मिलनरची गोळी ध्यानांत ठेवावी.

आतां प्रस्तुत रायफलीकडे वळूं. रायफल व साधी बंदूक यांतील भेद असा कीं, रायफलीच्या नळीला आंतून पीळदार खांचा असतात. त्यांतून जातांना गोळी स्वतःभोंवतीं फिरूं लागते आणि भोंवऱ्याप्रमाणें स्थिर राहून दूरवर सरळ जाते. जुन्या काळीं काळी दारू वापरीत. तिच्यांत वेग बेताचा, म्हणून मोठ्या जनावरासाठीं नळी अवाढव्य व गोळी लिंबाएवढी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत बिनधुराची दारू निघाली आणि सर्व गणित बदललें. बारीक, लांबट गोळी पूर्वीपेक्षां कितीतरी वेगानें सोडतां येऊं लागली. जर्मनींतील माउझर कारखान्यानें त्या सुमारास सात मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठीं एक काडतूस तयार केलें. १८९९ ते १९०२ पर्यंत दक्षिण आफ्रिकेंत बोअर शेतकऱ्यांनीं इंग्रजी फौजेस जें हैराण केलें, तें बव्हंशीं याच काडतुसाच्या माउझर रायफलींनीं. रिग्बीनें लढाईच्या आधींपासूनच माउझरचे सांगाडे आणून त्यांवर आपल्या नळ्या व दस्ते चढविण्याचा उद्योग आरंभिला होता. १९०७ सालीं त्यानें हेंच काडतूस ‘०.२७५ रिग्बी’ या नांवानें बाजारांत मांडलें. सात मिलिमीटरांचे इंच केले म्हणजे हाच आंकडा येतो. कालपर्यंत शत्रूच्या हातांत असलेलें हत्यार नवें बारसें होऊन लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावरील प्रतिष्ठित दुकानांत विकूं लागलें. नांव इंग्रजी, अंतरंग जर्मन! व्यापाराला राष्ट्रद्वेष फार दिवस परवडत नाहीं, असें आम्ही इतिहासाच्या तासाला मुलांस सांगत असूं. त्याचें याहून सुबक उदाहरण मिळणें कठीण.

याच पेढीनें १८९८ सालीं ०.४५० इंचाचें जबर काडतूसहि काढलें होतें. त्याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. हत्ती व गवा यांच्यासाठीं तें नांवाजलें गेलें. पण १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारानें या मापाच्या काडतुसांना बंदी केली. कारण असें कीं, पूर्वीं फौजेंत असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींची नळी याच मापाची होती, व त्या रायफली सरहद्दीवरील आणि इतर असंतुष्ट लोकांच्या हातीं पडलेल्या होत्या. शिकाऱ्यांचा दारूगोळा त्यांस मिळेल ही धास्ती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनीं ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशीं किंचित् वेगळीं मापें काढून बंदींतून वाट काढली. ज्या देशांत हजारों लोकांचे जीव वाघ-बिबट्यांच्या तोंडीं होते आणि शस्त्रांच्या कायद्यानें ज्यांचे हात १८७८ पासून बांधलेले होते, त्या देशांत सरकार आपल्याच पाहुण्यांच्या काडतुसांना भीत होतें, हें नमूद करून पुढें जाऊं.

१९०७ हेंच वर्ष कॉर्बेट यांच्याहि चरित्रांत महत्त्वाचें आहे. कुमाऊंतील चंपावत येथील नरभक्षक वाघीण त्यांनीं त्या वर्षीं मारली. प्रथम नेपाळांत २०० व नंतर कुमाऊंत २३६, अशीं ४३६ माणसें तिनें खाल्लीं होतीं. शेवटच्या हांक्याच्या वेळीं कॉर्बेट यांच्यापाशीं दुनळी रायफल आणि अवघीं तीन काडतुसें होतीं. तीं संपलीं तेव्हां वाघीण जखमी होऊन समोर उभी! त्यांनीं धांवत जाऊन तहसीलदाराची, म्हणजे आपल्याकडील मामलेदाराच्या दर्जाच्या अंमलदाराची, जुनाट बंदूक मागून घेतली. तिच्या नळ्या व मागचा भाग यांच्यांत फट पडलेली होती. त्या बंदुकीची गोळी नेमापासून ढळली आणि वाघिणीच्या पंजाला लागली. परंतु आधींच्या जखमांनीं ती मरणोन्मुख झालेलीच होती. मेल्यावर तिचें तोंड उघडून पाहिलें, तों उजव्या बाजूचे वरचा व खालचा दोन्ही सुळे मोडलेले. खालचा तर पार हाडापर्यंत. कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीचें तें काम होतें. सुळे गेले म्हणून नेहमींची शिकार साधेना, आणि शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली, असें कॉर्बेट सांगतात. कोण कुठला तो नेम चुकलेला शिकारी! तो बंगल्यावर परत जाऊन ‘वाघ हातचा निसटला’ म्हणून चुटपुटला असेल, आणि विसरूनहि गेला असेल. त्याच्या एका गोळीचा हिशेब ४३६ घरांनीं चुकता केला.

या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूवेट यांनीं कॉर्बेट यांस एक ०.२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तीच ही हलकी रायफल. यानंतर मोठ्या कामास ते जेफरीच्या घडणीची ०.४५०/४०० ची वजनदार दुनळी वापरीत. परंतु डोंगर-दऱ्यांत मैलोन्‌मैल पायीं हिंडावयाचें असे तेव्हां ही हलकी सोबतीण त्यांच्या हातीं असे. तिच्या गुणाची साक्ष त्यांनीं चौगढच्या वाघिणीच्या प्रकरणांत दिली आहे, ती आमच्या मतें बंदुकीच्या कोणत्याहि मालकानें दिलेल्या साक्षींत सर्वांत प्रामाणिक आहे.

तो दिवस ११ एप्रिल १९३०. चौगढची वाघीण ६४ बळी घेऊन बसली होती. कॉर्बेट दोन माणसांसह एका कोरड्या नाल्यांतून उतरत होते. वाटेंत त्यांना रातवा पक्ष्याचीं दोन अंडीं दिसलीं. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद होता व हीं जरा निराळ्या तऱ्हेचीं होतीं, म्हणून तीं त्यांनीं डाव्या हातांत घेतलीं. एका उभ्या शिळेला वळसा घालून ते वाळूवर उतरले आणि उजव्या खांद्यावरून मागें पाहिलें, तों आठ फुटांवर वाघीण! पुढचे पंजे पसरून, डोकें वर करून ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. रायफल उजव्या हातांत, छातीवर तिरपी. तिचें तोंड नेमकें उलट्या दिशेस. वाघिणीवर रोखावयाची तर नळी तीन-चतुर्थांश वर्तुळ फिरवावयास हवी, आणि तीहि एका हातानें. कारण दुसऱ्या हातांत अंडीं! त्यांनीं ती फिरविली. इतक्या हळू फिरविली कीं वाघिणीला ती चळवळ जाणवलीच नाहीं. अर्ध्यांत दस्ता बरगडीला टेकला, तेव्हां हात पुढें ताणून उरलेलें वर्तुळ पुरें करावें लागलें. हात ताणलेला, वजनानें भरून आलेला. तसाच एका हातानें चाप ओढला आणि वाघीण जागच्या जागीं मान टाकून पडली.

दुसरा कोणी असता तर येथें आपल्या धैर्याचें किंवा रायफलीच्या अमोघतेचें वर्णन करता. कॉर्बेट यांनीं केलेली मीमांसा वेगळी आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, तीन गोष्टी आपल्या बाजूच्या होत्या. पहिली, डाव्या हातांतील अंडीं. तीं नसतीं तर दोन्ही हात रायफलीवर असते, वाघीण दिसतांच आपण गर्रकन् वळलों असतों, आणि त्या हालचालीबरोबर तिनें झेंप घेतली असती. दुसरी, रायफलीचा हलकेपणा. ती जड असती तर एका हातानें फिरविणें व लांबविणें शक्यच नव्हतें. तिसरी गोष्ट त्या जनावराचें नरभक्षक असणें. पाहा, सात मिलिमीटरांच्या गोळीचा वेग, नळीची अचूकता, यांचें येथें नांवहि नाहीं. रायफलीचा गुण सांगितला तो एवढाच कीं, ती जड नव्हती. आणि तीं अंडीं? तीं त्यांनीं परत नेऊन होतीं तेथें ठेविलीं. अर्ध्या तासानें त्याच वाटेनें जातांना पाहतात तों रातवा पक्षीण त्यांवर बसलेली.

रुद्रप्रयागचा बिबट्या हा याच रायफलीचा दुसरा मोठा प्रसंग. अलकनंदा व मंदाकिनी यांच्या संगमावरून केदारनाथाची आणि बदरीनाथाची वाट फुटते. १९१८ पासून १९२६ पर्यंत या वाटेवर, सरकारी गणतीप्रमाणें, १२५ माणसें त्या बिबट्यानें नेलीं. दक्षिणेंतून गेलेले यात्रेकरूहि याच वाटेनें पायीं चालत व रात्रीं उघड्या पडव्यांत निजत. एखाद्या घरची सून-लेक ‘बदरीकेदारास गेलेले अजून कां आले नाहींत’ म्हणून दाराशीं डोळे लावून बसली असेल, हें मनांत आणलें म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळतो. कॉर्बेट यांनीं आठवड्यांमागून आठवडे त्याचा पाठलाग केला. विष, सांपळे, मचाणें सर्व करून झालें. शेवटीं १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभीं गुलाबराय येथें रस्त्याकडेच्या आंब्यावर ते रात्रीमागून रात्री बसले. खालीं बकरी, तिच्या गळ्यांत घंटा, रायफलीला जोडलेली विजेची बत्ती. काळोखांत घंटा वाजली. बत्तीचें बटण दाबलें. प्रकाशाचा झोत नेमका बिबट्याच्या खांद्यावर. एक गोळी सुटली आणि बत्ती मंद होत होत विझून गेली. मग उजाडेपर्यंत नुसता काळोख, आणि गोळी लागली कीं नाहीं याची विवंचना. तेथें दुसरी गोळी नव्हतीच. अशा क्षणीं खांद्याला धक्का न देणारें, डोळा न मिटविणारें हलकें हत्यार किती उपयोगी पडलें असेल, हें ज्यानें भीतीनें हात कांपतांना कधीं लिहिलें आहे त्याला समजेल.

येथवर ऐकून एखाद्या तरुण वाचकाचें मन रायफलीवर जडूं लागलें असेल, तर त्यानें आतां दुसऱ्या धन्याची साक्ष ऐकावी. वॉल्टर बेल हा स्कॉटलंडचा गृहस्थ १८८० सालीं जन्मला व १९५४ सालीं वारला. युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा प्रदेशावरून त्याला ‘करामोजो बेल’ म्हणत. हस्तिदंताच्या व्यापारासाठीं त्यानें आफ्रिकेंत १००० हून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक याच ०.२७५ रिग्बी जातीच्या रायफलींनीं. वाचकांस नवल वाटेल. ती गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे वजनांत आपल्या एका तोळ्याहूनहि किंचित् हलकी. तिनें हत्ती कसा पडावा? बेल याचें उत्तर तो आपल्या पुस्तकांतून देतो. हत्तीचें डोकें अवाढव्य असलें तरी त्याचें बरेंचसें हाड मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें पोकळ असतें, आणि मेंदू त्या मानानें लहान, खूप मागें दडलेला. बेलनें मेलेल्या हत्तीच्या कवट्या करवतीनें चिरून मेंदूची जागा अभ्यासिली होती. समोरून, बाजूनें, तिरकें मागून, कोणत्याहि कोनांतून गोळी कोठून शिरली म्हणजे तेथें पोंचेल, हें त्याला तोंडपाठ होतें. धातूचें जाड कवच घातलेली, लांबट, गोल तोंडाची ही गोळी हाडांत वांकत नाहीं व सरळ रेघ सोडीत नाहीं. एवढाच त्याला तिचा उपयोग. जबर रायफलीच्या धक्क्याची धास्ती हाताला व डोळ्याला बसते आणि नेम ढळतो, म्हणून मोठीं मापें त्याला नकोशीं वाटत. चालण्यांत तर तो दांडगा होता. एका वर्षांत त्याचे बुटांचे २४ जोड झिजले, असें सांगतात.

याची साक्ष खोटी आहे, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. उलट, ती अत्यंत चोख आहे. ज्ञान, परिश्रम, अल्प साधनांत कार्यसिद्धि, हे सर्व गुण तेथें आहेत. विद्यार्थ्यांपुढें ठेवावे असेच ते गुण. आणि त्यांचा शेवट कशांत झाला? युरोप-अमेरिकेंतील दिवाणखान्यांत बिलियर्डचे चेंडू व पियानोच्या पट्ट्या झाल्या. ज्या घरीं प्रत्येक शुभकार्याचा आरंभ गजवदनाच्या स्मरणानें होतो, त्या घरच्या माणसाला हा आंकडा वाचून अन्न गोड लागत नाहीं. त्या काळीं तें कायदेशीर होतें, हत्ती अगणित वाटत, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि वाटावयाचें तें वाटतेंच.

बेलच्या साक्षीनें दुसराहि एक अनर्थ झाला. त्याचीं पुस्तकें वाचून ‘बारीक गोळीनें हत्ती पडतो’ एवढेंच पुष्कळांनीं लक्षांत ठेविलें. कवट्या चिरून पाहण्याचा अभ्यास कोणास हवा होता! परिणामीं जखमी होऊन पळालेलीं जनावरें, व त्यांच्या पायीं मेलेलीं माणसें. पुढें आफ्रिकेंतील अनेक देशांनीं धोकादायक जनावरांसाठीं ०.३७५ इंच ही कमींत कमी मर्यादा कायद्यानेंच घालून दिली. ग्रंथांतील सूत्र पाठ करून भाष्य न वाचणारा विद्यार्थी आणि हे शिकारी यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

रिग्बीच्या ०.४१६ या मापाचा, म्हणजे १९११ सालीं निघालेल्या मोठ्या काडतुसाचा, अनुभव हॅरी सेल्बी या आफ्रिकेंतील वाटाड्या शिकाऱ्याच्या नांवावर आहे. १९४९ सालीं त्याची दुनळी रायफल मोटारीखालीं सांपडून निकामी झाली. नैरोबीच्या दुकानांत तात्पुरती म्हणून मिळाली ती ही रिग्बी. आणि ती तात्पुरती वस्तु त्याच्याजवळ जवळजवळ अर्धें शतक राहिली. २०१८ सालीं तो वारला. बेल याच्या रायफलींपैकीं एक रॉबर्ट रुआर्क या अमेरिकन लेखकानें विकत घेऊन याच सेल्बीच्या मुलास भेट दिली, अशी ही गुरुपरंपरा आहे.

हत्यार आणि त्याचा धनी यांचा संबंध आमच्या लोकांस नवा नाहीं. गांडीव दुसऱ्यास देऊन टाक, असें जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. आणि कर्णपर्वांत खुद्द युधिष्ठिराच्या तोंडून तसा शब्द निघतांच त्यानें वडील भावावर तलवार उपसली. पुढें मौसलपर्वांत यादवांच्या स्त्रियांना घेऊन जातांना आभीरांनीं वाट अडविली, तेव्हां तेंच गांडीव त्याला धड चढवितांहि येईना. धनुष्य तेंच होतें. महाभारतकारांनीं या दोन प्रसंगांत सांगितलेलें बंदुकांच्या जाहिरातींत कोणी सांगत नाहीं.

कॉर्बेट यांस आम्ही संत ठरवूं इच्छीत नाहीं. पवलगढचा प्रसिद्ध वाघ माणसांच्या वाटेस गेलेला नव्हता. तरी त्याच्या आकाराच्या ख्यातीसाठीं शिकारी त्याच्यामागें होते व १९३० सालीं तो कॉर्बेट यांनींच मारला. परंतु वय वाढूं लागलें तशी त्यांच्या हातांतील रायफलीची जागा चित्रपट घेण्याच्या कॅमेऱ्यानें घेतली, १९३६ सालीं हिमालयाच्या पायथ्याशीं जें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें त्याच्या स्थापनेस त्यांनीं हातभार लावला, आणि त्या उद्यानाला १९५७ सालीं त्यांचेंच नांव मिळालें. बेल आणि कॉर्बेट यांच्या हातीं एकाच घडणीची, एकाच मापाची रायफल होती. एकानें तिच्यायोगें अधिक मारलें. दुसऱ्यानें अधिक माणसें वांचविलीं, आणि मारावयाचें केव्हां थांबवावें हेंहि त्याला उमगलें. आमच्या मतें या दुसऱ्याची साक्ष आप्ताची.

१९४७ सालीं कॉर्बेट हिंदुस्थान सोडून केनियांत न्येरी येथें राहावयास गेले व १९५५ च्या एप्रिल महिन्यांत तेथेंच वारले. त्यांची रिग्बी पुढें त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, आली. मध्यंतरीं रिग्बीची पेढीहि बरीच हिंडली. एकदां तर ती अमेरिकेंत कॅलिफोर्नियास नेण्यांत आली होती. आतां ती पुनः लंडनांत असून, २०१३ पासून तिची व माउझरची मालकी एकाच जर्मन उद्योगसमूहाकडे आहे. तेव्हां शंभर वर्षांपूर्वीं होतें तें सांगाड्याचें व नळीचें नातें पुनः जुळलें आहे. आपल्या देशांत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा व्यवहार मिटला आणि १९७३ पासून व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यामुळें असल्या रायफलीला येथें भिंतीवर राहण्यापलीकडे काम उरलेलें नाहीं.

२०१५ सालीं रिग्बी पेढीनें कॉर्बेट यांची ती रायफल विकत घेतली व २०१६ सालीं ती कुमाऊंत आणून तेथील लोकांस दाखविली. ज्या डोंगरांतून ती फिरली होती ते डोंगर तेच होते, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या दारांस संध्याकाळीं अडसर पडत तीं माणसें ती पाहावयास जमलीं. तिच्या दस्त्यावर एक लहानशी पट्टी आहे. चंपावत येथील नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल ही भेट, असें तीवर कोरलेलें आहे. त्या वाघिणीवर मात्र या रायफलीनें एकहि गोळी झाडलेली नव्हती.